‘देवा, आता संपव हे’ असं तोंडून निघालं तेव्हा

पत्र

पाळकसाहेब, सलाम.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्याला तीन वर्षं झाली. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, बोलणं गेलं आहे. त्यांचं सगळं मीच करते. माझी अर्धवेळ नोकरी आहे, मुलं शाळेत आहेत, यजमान रात्री उशिरा येतात. पूर्वी मी पहाटे तासभर शास्त्रवाचन आणि प्रार्थना करायचे. आता हात जोडले की झोप लागते, आणि जागी राहिले तर शब्द येत नाहीत. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, “रूथ हो.” दोन महिन्यांपूर्वी एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी मोठ्याने म्हणाले, “देवा, आता संपव हे.” आईंनी ऐकलं असणार. तेव्हापासून मी प्रभुभोजन, उपासनेतली ती भाकर आणि प्याला, घेतलेलं नाही. बाकीचे पुढे जातात, मी बाकावर मान खाली घालून बसते. माझा विश्वास उरला आहे का?

— एक भगिनी

उत्तर

प्रिय ताई,

मंडळीत पुन्हा प्रभुभोजन असेल त्या दिवशी उठा, पुढे जा आणि घ्या. बाकीचं खाली सविस्तर लिहितो, पण हे आधी सांगायला हवं होतं. जिला त्या भाकरीची सगळ्यात जास्त गरज आहे तीच मान खाली घालून बसून राहते, हे वाचल्यापासून मला चैन नाही.

तुम्हाला कोणतं वाक्य अडवतं आहे याचा मला अंदाज आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल किंवा प्याला पिईल तो दोषी ठरेल. आम्ही पाळक प्रभुभोजनाआधी हे वाचतो आणि पुष्कळदा एवढंच वाचतो. तुम्ही जरा मागे जा, विसाव्या वचनापासून वाचा. करिंथच्या मंडळीत लोक एकत्र जेवायला जमत, पण ज्यांच्याकडे भरपूर होतं ते थांबत नसत. ते आधीच खाऊन-पिऊन घेत, कोणी तर झिंगलेला असे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी आणि खजील होऊन बसत. पौलाचा सगळा संताप त्या प्रकारावर आहे. ‘अयोग्य प्रकारे’ हे त्याने खाण्याच्या रीतीबद्दल लिहिलं आहे, आणि शेजारचा भुकेला असताना आपलंच पोट भरणं ही ती रीत. तीन वर्षं दुसऱ्याला घास भरवणाऱ्या बाईने हे वाक्य स्वतःवर ओढून घ्यावं, याला आमचं अर्धवट वाचन जबाबदार आहे. पुढच्याच वचनात पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून बाकावर बसून राहा, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही.

आणि प्रभू येशूच्या शेवटच्या रात्री पहिल्यांदा ते मेज मांडलं गेलं तेव्हा त्याभोवती कोण होतं ते आठवा. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्र होता. बागेत प्रभूने ‘माझ्याबरोबर जागे राहा’ म्हटल्यावर झोपी गेलेले होते, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. लूक आपल्या शुभवर्तमानात त्यांच्या झोपेचं कारणही देतो: ते दुःखाने झोपी गेले होते. पौल एका पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. म्हणून की काय, पण दुःखाने माणूस कसा गळून जातो हे त्याने नेमकं टिपलं आहे. प्रभू त्यांना बोलला, उठवलं, पण टाकलं नाही. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी याच माणसांसाठी त्याने कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजली आणि म्हणाला, “या, न्याहारी करा.” हात जोडल्यावर तुम्हाला लागणाऱ्या झोपेकडे तो कोणत्या नजरेने पाहत असेल, हे मला या गोष्टीतून कळतं.

आता त्या रात्रीबद्दल.

तुमच्या वाक्याचा पहिला शब्द ‘देवा’ आहे. तुम्ही भिंतीला बोलला नाहीत, नशिबाला शिव्या दिल्या नाहीत. रात्री तिसरी चादर हातात असताना ज्याला हाक मारावीशी वाटली त्यालाच मारली. दोन महिने तुम्ही ते वाक्य पाप म्हणून वागवता आहात. मला ती गेल्या कित्येक महिन्यांतली तुमची सगळ्यात खरी प्रार्थना वाटते.

गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढा. वाळवंटात लोक रडताहेत, आणि मोशे देवाला विचारतो की हे सगळे लोक माझ्या पोटी आले का? दाईने तान्ह्या मुलाला घ्यावं तसं यांना उराशी धरून मी चालावं असं तू कसं म्हणतोस? हा भार मला एकट्याला झेपत नाही, आणि मला असंच वागवणार असलास तर मला मारूनच टाक. इतका थोर संदेष्टा, ज्याच्याशी देव मित्राशी बोलावं तसा बोले, तो असं म्हणतो. तुमचं वाक्य याच्यापुढे सौम्यच आहे. आणि देव काय करतो? त्याला अविश्वासाबद्दल झापत नाही, जास्त प्रार्थना कर असंही सांगत नाही. सांगतो की सत्तर वडील, म्हणजे लोकांतले जाणते पुढारी, गोळा कर. ते तुझ्याबरोबर भार वाहतील, म्हणजे तुला तो एकट्याने वाहावा लागणार नाही.

मोशेच्या ‘मारून टाक’ या प्रार्थनेला देवाचं उत्तर म्हणजे सत्तर माणसं. या अध्यायावर मी अनेक वर्षं देवाने लोकांना खायला पाठवलेल्या लावे पक्ष्यांचा उपदेश करत आलो, पण सत्तर वडिलांपाशी कधी थांबलो नाही. आता थांबतो, आणि का ते पुढे सांगेन.

तुम्ही कदाचित म्हणाल की मोशेने स्वतःचं मरण मागितलं, मी तर त्यांचं मागितलं. ताई, तुम्ही ‘हे’ संपव म्हणालात. त्या ‘हे’मध्ये त्यांचं दुखणं होतं, तुमची अपुरी झोप होती, तो वास होता, बोलता न येणाऱ्या माणसाचं रात्रभर कण्हणं होतं. एखाद्या क्षणी त्यात त्यांचं जाणंही असेल. असलं तरी ते देवापुढे बोलता येतं. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली पुष्कळ रडगाऱ्हाणी आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ‘कोठवर?’ या प्रश्नाने. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी हे स्तोत्र काढून न टाकता पवित्र शास्त्रात ठेवलं, त्यांना असे दिवस माहीत होते. तुमच्याकडे शब्द नसतील तेव्हा ते वाचा. एवढंही नाही जमलं तर नुसता उसासा टाका. रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो की आपल्याला योग्य प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. थकून ‘संपव’ म्हणणं वेगळं आणि आपल्याच हाताने काही करून टाकावं असं वाटणं वेगळं. आईंबद्दल असो किंवा स्वतःबद्दल, असा विचार कधी मनात आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या एका माणसाला सांगा. आणि विचार येत नसला तरी तुमची झोप, रडू, चिडचिड याबद्दल डॉक्टरांशी बोलाच. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खायला दिलं. देवाचा शांत, मंद आवाज त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. देव शरीराची काळजी आधी घेत असेल, तर आपण ती नंतरसाठी ठेवू नये.

‘रूथ हो’ म्हणणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असेल. पण रूथचं पुस्तक त्यांनी पुन्हा वाचावं असं मला मनापासून वाटतं. ‘तुम्ही जाल तिथे मी येईन’ हे रूथ आपणहून म्हणाली. तिची सासू नामी तर तिला परत जा, परत जा असं सांगत होती. जे शब्द एका सुनेने स्वखुशीने उच्चारले ते दुसऱ्या सुनेवर छडीसारखे उगारायचे नसतात. आणि रूथ एकटीच्या जोरावर तरली का? ती शेतात सरवा वेचायला गेली, कारण कापणी करताना शेताच्या कडा आणि पडलेली कणसं गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावीत असा नियमच होता. तो लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. त्यावर शेताचा मालक बवाज याने आपल्या माणसांना सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाका, आणि तिला धमकावू नका. पुस्तकाच्या शेवटी नामीभोवती शेजारणी जमलेल्या दिसतात, रूथच्या बाळाचं नावही त्याच ठेवतात. म्हणजे रूथच्या निष्ठेखाली गावाचा हात होता. मंडळीला रूथ हवी असेल, तर मंडळीने आधी बवाज व्हावं.

पत्रात यजमानांचा उल्लेख एकाच ओळीत आहे: रात्री उशिरा येतात. तक्रार नाही, राग नाही, जणू हवामानाची माहिती. ताई, त्या त्यांच्या आई आहेत. वधस्तंभावर प्राण जात असताना प्रभूने आपल्या आईकडे पाहिलं आणि तिची सोय लावली. शिष्याला म्हणाला, “पाहा, ही तुझी आई,” आणि तेव्हापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. आईची काळजी ही मुलाच्या अजेंड्यावर शेवटच्या श्वासापर्यंत असते, हे यातून दिसतं. ती वाटून घेता येते, हेही दिसतं. यजमानांना म्हणा की आठवड्यातल्या दोन रात्री आईंच्या खोलीत तुम्ही झोपायचं. ‘मदत करा’ असं म्हणू नका, ते फार सैल पडतं. रात्री ठरवा, वार ठरवा. सुरुवातीला ते चादर वाकडी घालतील, औषधाच्या वेळा विचारायला उठवतील. उठवू द्या, पण उठून स्वतः करायला जाऊ नका. आणि त्यांना माझं हे उत्तर वाचायला द्या.

मग तुमच्या पाळकांकडे आणि मंडळीच्या वडिलांकडे जा. जमलं तर यजमानांना बरोबर घेऊन जा. त्यांना गणना अकरा दाखवा आणि विचारा की आमच्या घरासाठी सत्तर नकोत, सात माणसं मिळतील का? एकाने शनिवारी दोन तास आईंजवळ बसावं. एकाने मुलांना उपासनेला घेऊन जावं. कोणीतरी रुग्णसेविका ठेवण्याच्या खर्चात हातभार लावावा. घरी जाऊन आजाऱ्याला प्रभुभोजन देणं तर आमचं कामच आहे. तुमच्या सासूबाईंना तीन वर्षांत ते किती वेळा मिळालं, हा प्रश्न तुमच्या पाळकांना विचारायला मी संकोच करणार नाही. तुम्हीही करू नका. मागायला लाज वाटेल, मला माहीत आहे. पण एकमेकांची ओझी वाहा, ही आज्ञा गलतीकरांच्या पत्रात सगळ्या मंडळीला दिलेली आहे. तुम्ही ओझं दाखवलंच नाही, तर त्यांनी ती पाळायची कशी?

मी इतक्या ठामपणे का लिहितो आहे तेही सांगतो. पाळक झालो त्या सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पत्नी दीर्घ आजारी, आणि ते सगळं एकट्याने करत होते. प्रार्थनेत मन लागत नाही म्हणाले. मी त्यांना पहाटे अर्धा तास लवकर उठायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, आभार मानले, आणि नंतर ते उपासनेला येईनासे झाले. मी विचारपूस केली ती फार उशिरा. पुढे माझे वडील आजारी पडले. त्यांच्या उशाशी रात्री काढल्या तेव्हा अर्धा तास झोप म्हणजे काय असतं ते मला कळलं. रविवारी व्यासपीठावर उभा राहून मी विश्वासाबद्दल बोलत असे आणि आत मात्र सगळं कोरडं असे. त्या दिवसांत मी सांत्वनाची वचनं तोंडपाठ म्हणू शकत होतो, पण मला आधार दिला तो मंडळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. ते संध्याकाळी येत, बोलत काहीच नसत, खुर्ची ओढून वडिलांपाशी बसत आणि मला म्हणत, “जा, झोप.” त्या पहिल्या गृहस्थांना मी हे द्यायला हवं होतं, आणि दिला अर्ध्या तासाचा हिशेब. त्यांची माफी मागण्याची संधी मला मिळाली नाही.

म्हणून पहाटेच्या तासाबद्दल तुम्हाला सांगतो: तो सध्या सोडून द्या. रागाने नको, अपराधी वाटूनही नको. तो तास चांगला होता आणि कधीतरी परत येईल. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू होता. तरुणपणी सैनिक होता, लढाईत जखमी झालेला. मठात त्याला वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातलं काम मिळालं, जे त्याला मुळीच आवडत नसे. पुढे चपला दुरुस्त करायचं काम मिळालं. भांड्यांच्या गोंगाटातही देव आपल्याजवळ असतो, हे त्याचं म्हणणं उपदेशांत फार वापरलं जातं, मीही वापरलं आहे. पण त्याने एका पत्रात लिहिलेली दुसरी गोष्ट आम्ही सांगत नाही. पहिली दहा वर्षं त्याने फार सोसलं. आपण देवाला हवे तसे नाही, ही टोचणी त्याला सतत होती. 1691 साली तो वारला तेव्हा लोक त्याला शांतीचा माणूस म्हणून ओळखत होते. ती शांती दहा वर्षांच्या अशा दिवसांनंतर आली. तुमची तीन झाली आहेत.

तासाऐवजी एक वाक्य घ्या, दिवसभरासाठी एकच. शुभवर्तमानातल्या जकातदाराचं ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ चालेल. आजाऱ्या मुलाच्या बापाचं ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ हे तर तुमच्या पत्राचंच उत्तर आहे. त्या बापाने श्रद्धा आणि शंका एकाच श्वासात प्रभूपुढे ठेवली, आणि प्रभूने आधी शंका मिटवून ये असं न म्हणता त्याचा मुलगा बरा केला. हात धुताना म्हणा, आईंना कुशीवर वळवताना म्हणा. झोप लागली तर लागू द्या. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात प्रभूच्या सेवकाबद्दल लिहिलं आहे की चेपलेला बोरू तो मोडणार नाही आणि मिणमिणती वात तो विझवणार नाही. विश्वास उरला आहे का, असं तुम्ही विचारता. ज्याचा विश्वास विझला तो असा प्रश्न घेऊन पत्र लिहायला बसत नाही, तेही रात्री उशिरा, दिवसभराचं सगळं आटोपून.

शेवटचं, आणि मला वाटतं तुमच्या मनावर सगळ्यात जड हेच आहे. आईंनी ऐकलं असेल. झटक्याने बोलणं गेलेल्या पुष्कळ माणसांना समोरच्याचं बोलणं कळत असतं. म्हणून ते वाक्य त्या खोलीत तसंच पडून राहू देऊ नका. एखाद्या दुपारी, घाई नसताना, त्यांचा चांगला हात हातात घ्या आणि सांगा, “आई, त्या रात्री मी फार दमले होते. तुमचा कंटाळा नाही आला, तुमचे हाल बघवत नव्हते आणि माझ्यानेही होत नव्हतं. मला माफ करा.” आणि ‘कंटाळा नाही’ हे खरं नसेल तर तेवढं गाळा, बाकीचं सांगा. त्यांच्याशी खोटं बोलायची गरज नाही. त्यासुद्धा कधी कुणाच्या सूनच होत्या.

मग त्यांच्याजवळ बसून प्रभूची प्रार्थना मोठ्याने आणि सावकाश म्हणा. त्यांच्या लहानपणी पाठ झालेली जुनी, ‘हे आमच्या आकाशातील बापा’ अशी सुरू होणारी, तुम्हाला येत असेल तर तीच म्हणा. स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही अशा माणसांनाही लहानपणी पाठ झालेली प्रार्थना किंवा गीत कधीकधी सोबतीने म्हणता येतं, निदान ओठ तरी हलतात. त्यांचे हलले तर मला कळवा. नाही हलले तरी कळवा. मी तुम्हा दोघींची नावं घेऊन रोज प्रार्थना करतो आहे.

प्रभूमध्ये तुमचा बंधू